अकरा विहिरी

शहाण्णवच्या श्रावणात कयाधू दुथडी होती
आणि फॉर्म उद्या दुपारी तालुक्याला द्यायचा होता.
पलीकडं खैरीतांडा. होडी नाही, मला पोहता येत नाही.
बाळापूर फाट्यावर अन्वरभाईच्या हॉटेलात
भज्यांचा घाणा निघेपर्यंत मी रकाने भरले:
घरं, बैल, शेळ्या. अंदाजानं; फार चुकलो नसेन.
‘विहिरी’पाशी पेन थांबलं.
अन्वरभाई म्हणाला, “साहेब, तुमचे चौदा झाले.”
मागची उधारी धरून चौदा रुपये.
मी लिहिलं: १४.

अक्षर माझं वळणदार.
शाळेत सुलेखनाचं बक्षीस होतं.
त्यामुळंच असेल, कोणी विचारलं नाही.
तालुक्यानं जिल्ह्याला, जिल्ह्यानं पुस्तकाला,
पुस्तकानं कुठल्याशा संगणकाला
चौदा विहिरी जशाच्या तशा पोचत्या केल्या.
एक थेंब सांडला नाही.

पुढं दोन-तीन उन्हाळे
टँकरच्या यादीत खैरीतांड्याचं नाव नव्हतं.
मी ऐकलं होतं.
ऐकून चष्मा पुसला.

परवा मुलगा वह्या तपासत बसला होता,
तो तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे.
सहावी, ‘माझे गाव’, दहा ओळी.
हसत म्हणाला, “बघा दादा, ही शिवानी आडे.
स्वतःच्या गावाचं बी धड माहीत नाही पोरीला.
तीन विहिरी लिहिल्यात, अन् पाणी म्हणे एकीलाच.”
माझ्यासमोर त्यानं फोनला विचारलं,
आणि फोन बोलला,
बातम्या देणाऱ्या बाईसारखा, कुठंही न अडखळता:
खैरीतांडा येथे चौदा विहिरी असून
पाण्याच्या बाबतीत गाव स्वयंपूर्ण आहे.

‘स्वयंपूर्ण’ मी लिहिलं नव्हतं.
ते त्यानं मनानं घातलं.
मन म्हणायचं का त्याला, माहीत नाही,
पण अन्वरभाईच्या बाकावर माझंही असंच झालं होतं:
रकाना रिकामा दिसला की हात राहत नाही.

वहीत तीनवर लाल फुली. शेजारी चौदा.
अक्षर माझ्यावर गेलंय पोराचं.

जेवताना सांगून टाकलं. सगळं, भज्यांसकट.
तो भाकरी मोडत म्हणाला,
“असंल दादा. पण लेखी काही आहे का तुमच्याकडं?”
लेखी आहे ते चौदाच.

रात्री चोरून मी फोनलाच खरं सांगितलं.
तो लगेच म्हणाला, क्षमस्व, आपलं बरोबर आहे, तीन.
इतक्या लवकर माझं कोणी ऐकलं नव्हतं,
नोकरीत नाही, घरात तर नाहीच.
मग मुद्दाम म्हणालो: तीन नाही, नऊ.
क्षमस्व. नऊ.
सकाळी मुलानं विचारलं तेव्हा
पुन्हा चौदा.

मग गेलो. आता पूल झालाय,
सायकलनं वीस मिनिटं.
शिवानीच्या आजीनं गुडघे धरत धरत दाखवल्या:
ही पाण्याची.
ही बुजली, पोरगं पडल्यापासून दगड टाकले.
हिच्यात आग्या मोहोळ, वाकू नका.
मी बोटं मोडून मोजलं, उगाच, दोनदा.
“अन् बाकीच्या?”
“कोणच्या बाकीच्या?”
“अकरा राहिल्या,” मी म्हणालो. “कागदावर हायेत.”
तिनं माळावर नजर फिरवली.
बाभळी, मुरूम, उन्हात उभी एक शेळी.
मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ,
जसं शहाण्णव साली कोणी बघायला हवं होतं.
“हायेत तर दावा की,” ती म्हणाली,
“घागर घेऊन येते मी.”